सरांकडची पाहुणी

बेल वाजली तेव्हा सर सोफ्यावर आडवे पडून सामाजिक परिवर्तनावरचे पेपर तपासत होते, आणि बेल वाजवावी असं त्या घरात कोणी उरलेलं नव्हतं. सर, बायको, लेक, तिघांकडे आपापली किल्ली होती. शेजारी बेल वाजवत नसत, सरळ दारावर थाप मारत. आणि कुरिअरवाला थापही मारत नसे, तो खालच्या खालीच 'घरी कोणी नव्हते' असं ठरवून निघून जाई. तेव्हा सर उठले ते जरा कुतूहलानंच. दारात बायको उभी होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, केस नीट केलेले, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे माणसं दार उघडेपर्यंत तयार करून ठेवतात. "येऊ का आत?" ती म्हणाली. किल्ली विसरली असेल, असं वाटून सर "ये की" म्हणाले आणि पुन्हा आडवे व्हायला वळले. पण मागे पावलं वाजली नाहीत. ती पायपुसण्यावर पाय पुसत होती, अगदी मन लावून, कुणाच्या तरी घरची फरशी खराब व्हायला नको अशा बेतानं. मग चपला कडेला जोडून ठेवून ती आत आली, आणि खिडकीजवळच्या ज्या खुर्चीत घरातलं कोणी कधीच बसत नसे त्या खुर्चीच्या टोकावर बसली. भिंतींकडे पाहिलं, पुस्तकांकडे पाहिलं. "छान ठेवलंय हो घर," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, फार संकोचून, "थोडं पाणी मिळेल का? त्रास नसेल तर."

सर हसले. ती हसली नाही. म्हणजे हसत होतीच, पण ते मघाचंच हसू होतं, नवीन नव्हतं. सर स्वयंपाकघरात गेले. पेले नेमके कुठल्या कपाटात असतात हे आपल्याला माहीत आहे, असं त्यांना पहिलं कपाट उघडेपर्यंत वाटत होतं. त्यात डाळी होत्या. दुसऱ्यात डबे होते आणि डब्यांत आणखी लहान डबे. तिसऱ्या कपाटात एक प्रेशर कुकर त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत बसला होता. "सापडत नसेल तर राहू द्या," बाहेरून मृदू आवाज आला, "उगाच धावपळ नको." शेवटी सरांनी आपल्या दाढीच्या मगात पाणी दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, प्यायली, आणि "वा, गार आहे," म्हणाली. आणि बसून राहिली. दिवेलागण झाली तरी बसून राहिली. अगदी बसून राहिली, म्हणजे मध्ये उठून कुकर लावला नाही, दोरीवरचे कपडे काढले नाहीत, उद्याचं काही भिजत घातलं नाही. खोलीत एक वेगळीच शांतता पसरत गेली. घरात रोज संध्याकाळी भांड्यांचा, नळाचा, पावलांचा जो आवाज असतो तो कुणीतरी करत असतं, हे सरांच्या लक्षात यायला तो बंद व्हावा लागला. मग एकदम त्यांना उलगडा झाला. ते मनातल्या मनात इतक्या जोरात हसले की पेपर खाली पडले.

प्रयोग! अहो, हा तर आपलाच प्रयोग. सर महाविद्यालयात समाजशास्त्राची तोंडओळख शिकवत. मुलं त्यांना पाठीमागे 'व्याख्या' म्हणत, कारण सर कशाचीही व्याख्या करत. पंखा बंद पडला तरी आधी "पंखा म्हणजे काय?" असं विचारत आणि मग शिपायाला बोलावत. दर वर्षी ते पहिल्या वर्षाच्या मुलांना एक काम देत: नेहमीच्या वागण्यातला एखादा न लिहिलेला नियम मोडा आणि समोरच्याचं काय होतं ते बघा. उदाहरणही ठरलेलं. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वागून पाहा. फ्रिज उघडायच्या आधी परवानगी मागा, आईला म्हणा, फार त्रास घेतलात. बघा घर कसं गांगरतं. गांगरलेल्या माणसाला शेवटी मात्र सांगायचं, की हा प्रयोग होता. तेवढी माणुसकी ठेवायची. या वर्षी त्यांची लेकच त्यांच्या वर्गात होती. वर्गात ती त्यांना 'सर' म्हणे आणि घरी 'बाबा', आणि दोन्ही वेळा सारख्याच थंडपणे म्हणे. तर कारटीनं आईला हाताशी धरलं म्हणायचं. आणि आई काय सफाईनं करतेय! सरांना बायकोचा अभिमान वाटला. इतकी वर्षं संसार केला, पण हिच्या अंगात नाटक आहे हे कळलं नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, आपण ओळखलं हे कळू द्यायचं नाही. प्रयोगातल्या माणसाला प्रयोग कळला की प्रयोग फुकट जातो. ते उठले, बाह्या सरसावल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसलेल्या बायकोला म्हणाले, "जेवूनच जा आता." "अय्या, नको, कशाला?" ती म्हणाली. आणि थांबली.

त्या दिवशी सरांनी भात केला. भात म्हणजे काय, याची व्याख्या त्यांना करता आली असती, पण पातेल्यात झाला ती वेगळी गोष्ट होती. तो चमच्यानं वाढता येत नव्हता, कापावा लागत होता. लेक घरी आली, तिनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं आणि काही न बोलता जेवली. सरांच्या मते हाच पुरावा होता. कट नसता तर ती बोलली नसती का? बायकोनं पहिला घास घेतला. "छान झालाय," ती म्हणाली. "फार त्रास घेतलात." आणि जेवण झाल्यावर ती ताट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आली, उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली, एक खांदा चौकटीला टेकवला आणि म्हणाली, "मी काही मदत करू का?" सर सवयीनं म्हणाले, "नको नको, तू बस." ती लगेच जाऊन बसली. इतक्या लगेच, की सरांचा फेस भरलेला हात नळाखाली तसाच राहिला. कारण ही जागा त्यांच्या ओळखीची होती. चौकटीचा तो भाग जिथे खांदा टेकतो, तिथला रंग जरा गुळगुळीत झाला होता आणि तो त्यांच्याच खांद्यानं झाला होता. रोज रात्री जेवणानंतर तिथे उभं राहून ते हाच प्रश्न विचारत, ह्याच चालीवर, आणि 'नको' ऐकून ह्याच वेगानं बातम्यांकडे जात. वर्गात ते सांगत, घरकामात मी मदत करतो. मुली माना डोलवत. त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. ते खरंच विचारत.

प्रयोग चालू राहिला. रोज संध्याकाळी बेल वाजे, रोज पाय पुसले जात. सर फरशी पुसू लागले तेव्हा बायकोनं वाचता वाचता दोन्ही पाय वर उचलले आणि ओल्या फरशीवर हवेत धरून ठेवले, नजर पुस्तकावरच. किती नाजूक, किती समंजस उचलणं ते! हे निरीक्षण हिनं कुठून केलं असावं, असा सरांना प्रश्न पडला आणि उत्तर यायच्या आत त्यांनी पोछा पिळायला घेतला. चमचे कुठे असतात, ती विचारी. गिझरचं बटण कुठलं, ती विचारी. "तुमच्याकडे टॉवेल कुठे ठेवतात?" तिनं न्हाणीघरातून ओरडून विचारलं, आणि सरांनी तो नेऊन दिला तेव्हा त्यांना आठवलं की आपण लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ह्याच दारातून हेच ओरडलो होतो, आणि नंतर कधी थांबलोच नाही. पाहुणी म्हणून ती जे जे करत होती ते सगळं कुठेतरी पाहिलेलं होतं. एक सभ्य, हसतमुख, थोडा वेंधळा पाहुणा, जो जेवण छान झालं म्हणतो, जो घरात काय कुठे आहे ते विचारतो, ज्याला कोणी उठू देत नाही. इतकी वर्षं कोणीतरी तिच्याकडे मुक्कामाला होतं.

पण हे असं स्पष्ट मनात येऊ देणं सरांच्या स्वभावात नव्हतं. ते संकल्पनांच्या आडोशाला राहत. भूमिका म्हणजे दर्जानुसार अपेक्षित वर्तन, असं ते कांदा चिरताना पुटपुटत, आणि डोळ्यांत पाणी येई त्याला कारण असे. सामाजिक परिवर्तनात वस्तू आधी बदलतात, मनं मागून येतात, हे ते दर सत्रात फळ्यावर दोन रेघा ओढून दाखवत. वरची रेघ पुढे गेलेली, खालची रेंगाळलेली. आता ते फळ्याशी उभे राहिले की खालची रेघ काढताना खडू थबके. ही रेघ घरी आहे, असं त्यांना वाटे. ती सोफ्यावर आडवी पडून पेपर तपासते. वर्गातला त्यांचा आणखी एक ठरलेला खेळ होता. घरकाम ही स्त्री-पुरुष दोघांची सारखी जबाबदारी आहे, सहमत असणाऱ्यांनी हात वर करा. सगळा वर्ग हात वर करी, मागच्या बाकावर झोपलेलाही. मग सर विचारत, आज सकाळी स्वतःचं अंथरूण कोणी कोणी उचललं? हात खाली येत, हशा होई, आणि सर मान तिरकी करून म्हणत, "याला म्हणतात मत आणि वर्तन यांतली फट." या वर्षी हशा झाला तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या लेकीनं हात वर केला. "सर, शिक्षकांनीही हात वर करायचा असतो का?" सर म्हणाले, "शिक्षक निरीक्षक असतो." "बरं सर," ती म्हणाली. ती हसली नाही. आईसारखीच नाही हसली.

मग आठवणी येऊ लागल्या, आणि त्या आठवणींचं काय करायचं हे कुठल्याच प्रकरणात दिलेलं नव्हतं. बायको लग्न होऊन आली त्या दिवशी ह्याच घरात सरांची आई तिला म्हणाली होती, लाजू नकोस गं, आपलंच घर समज. आई गेली, पण तिचा तो मायाळू आवाज ह्या भिंतींत कुठेतरी होता. सरांना तेव्हा भरून आलं होतं. किती आधुनिक आपली आई, असं वाटलं होतं. आता बटाटे सोलताना ते वाक्य त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. हे वाक्य आईनं त्यांना कधी म्हटलं नव्हतं. लेकीला कधी कोणी म्हटलं नव्हतं. ज्याचं घर नसतं त्यालाच फक्त हे म्हणतात. आणि ती समजली होती. इतकी वर्षं, रोज सकाळी उठून, एखादा अवघड धडा पुन्हा वाचावा तसं ते तिनं समजून घेतलं होतं, कपाटन् कपाट, डबान् डबा. आणि मग एक दिवस चष्म्याच्या दुकानातून परत येताना समजणं बंद केलं. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. माणसाला खुर्चीत बसवून, डोळ्यांपुढे काचा बदलत, शांतपणे विचारायची: आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं? सरांनाही तिनं एकदा तसं बसवलं होतं. त्यांना दोन्ही सारखंच दिसलं होतं, पण तसं सांगायला लाज वाटून ते म्हणाले होते, आता. "नक्की?" तिनं विचारलं होतं. "नक्की," ते म्हणाले होते. तो चष्मा त्यांना कधीच नीट लागला नाही आणि ते तसेच वर्षानुवर्षं वाचत राहिले.

स्टाफरूममध्ये अर्थशास्त्रवाला त्यांच्या डब्यात डोकावला. हा इसम कुठल्याही गोष्टीत मागणी आणि पुरवठा बघे. "काय हे, उकडलेली अंडी? पुन्हा? वहिनी आजारी आहेत का?" "नाही, ठणठणीत आहे." "मग माहेरी?" "घरीच आहे. रोज येते." अर्थशास्त्रवाल्यानं घास खाली ठेवला. "रोज येते म्हणजे?" सरांनी मग त्याला प्रयोगाचं सांगितलं, जरा ऐटीतच. कसं ओळखलं, कसं ओळखू दिलं नाही, आपण भात कसा शिकलो. तो ऐकत राहिला. "आणि वहिनी म्हणाल्या, हा प्रयोग आहे?" "अरे, प्रयोगात कोणी सांगतं का आधीच?" "मग तू विचारलंस?" "विचारलं की फुकट जातो." "व्याख्या," तो म्हणाला, "माझी बायको जर उद्या बेल वाजवून आत आली ना, तर मी पायच धरीन तिचे. समाजशास्त्र गेलं खड्ड्यात." "तू भावनिक होतोस," सर म्हणाले, आणि अंड्याचं पिवळं तसंच ठेवून त्यांनी डबा बंद केला.

कारण त्यांनाही आता रात्रंदिवस तेच वाटत होतं. विचारावं. दोन शब्दांचा प्रश्न. पण न विचारता तो प्रयोग होता. विचारल्यावर ती जर 'नाही' म्हणाली असती तर काय असतं ते, त्याला कुठलं नाव द्यायचं? नाव नसलेली गोष्ट सरांना आयुष्यात एकदाही सहन झाली नव्हती. म्हणून ते न विचारता वाट बघत होते, आणि वाट बघता बघता भात मोकळा व्हायला लागला. डाग कुठल्या कपड्याचा कशानं जातो हे कळायला लागलं. कपाटं ओळखीची झाली. कुकर आता त्यांना पाहून मान वळवत नसे. आणि बायको खुर्चीच्या टोकावरून हळूहळू आत सरकत होती. आधी टोकावर, मग मध्यावर, मग एके दिवशी पाठ टेकून. एकदा ती खुर्चीतच झोपून गेली, तोंड थोडं उघडं, आणि सर हातात ओला पोछा घेऊन तिच्याकडे बघत उभे राहिले. तिला अशी दिवसाउजेडी झोपलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती दमलेली होती. कधीपासून, देव जाणे. पंखा जरा मंद करावा म्हणून ते भिंतीकडे गेले, आणि पाय न वाजवता चालणं आपल्याला येतं हे त्यांना नव्यानंच कळलं. त्या क्षणी ते प्रयोग पार विसरले होते. पण ते फक्त एक क्षण. आणि ती तर झोपलेली होती.

मुलांनी आपापले प्रयोग वर्गात सांगायचा दिवस जवळ आला. आदल्या दिवशी दुपारी सर बाजार घेऊन घरी आले, तर आत नळ वाहत होता. बेल नाही, खुर्ची रिकामी, पर्स खुंटीला. स्वयंपाकघरात बायको भांडी घासत उभी होती, बाह्या कोपरापर्यंत, कपाळावरची बट मनगटानं मागे सारत. तिनं वळून पाहिलं आणि हसली. हे हसू मात्र नवीन होतं, किंवा फार जुनं; दारात उभं राहून तयार केलेलं नव्हतं. "आलात? मी धुते, तुम्ही पुसा," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे फडकं फेकलं. ते सरांच्या छातीवर आपटून त्यांच्या हातात पडलं. "त्या भाताचं काय करता हो तुम्ही? दुकानात सांगितलं मी सगळ्यांना, आमच्याकडे भात आता तेच करतात म्हणून. कोणाचा विश्वास बसेना." आमच्याकडे, ती म्हणाली होती. सरांनी तो शब्द ऐकला. त्यांना तो ऐकू आला, हे नंतर त्यांनी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण त्याआधी छातीतलं ओझं इतकं धाडकन उतरलं होतं की तोंडाला आवर राहिला नाही. सगळं पुन्हा जागेवर आलं होतं, नावं वस्तूंना चिकटली होती. ओठांवर आलं ते रोखणं त्यांना जमलं नाही, आणि ते अगदी खुशीत, डोळे मिचकावून म्हणाले, "म्हणजे संपला एकदाचा प्रयोग?"

"कसला प्रयोग?"

"आता पुरे गं. उद्या सांगायचाय ना वर्गात लेकीला. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण बोललो नाही हं! म्हटलं, पोरीचं काम बिघडायला नको. भात काय, फरशी काय, सगळं अगदी बिनतक्रार केलं की नाही?"

तिनं नळ बंद केला. आधी ती हसली, मोठ्यानं, पोट धरून, पाठीमागच्या ओट्याला टेकून. सरही हसू लागले, फडकं हातात घेऊन, दोघंही हसत होती. मग ती थांबली आणि सर एकटेच हसत होते. "म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही हे सगळं प्रयोग म्हणून केलंत?" सर म्हणाले, "म्हणजे काय, सहकार्य." ती त्यांच्याकडे बघत राहिली. राग नव्हता; राग असता तर सरांना काही तरी धरायला मिळालं असतं. "मी एक दिवस दुकानातून आले," ती म्हणाली, "दार उघडणार, तर वाटलं, इथे कोणीतरी किती छान राहतं. बसावं जरा आपणही. म्हणून बेल वाजवली. बसले, तर उठवेना. वाटलं, तुम्ही चिडाल. विचाराल, काय झालंय तुला. नाही विचारलंत. पण भात लावलात. मला वाटलं, हा माणूस बोलणार नाही, याला जमतच नाही बोलायला, पण करतोय. माझ्यासाठी करतोय." ती जरा थांबली. "रोज थोडं वाटायचं, उठावं आता. आज उठले." सर म्हणाले, "पण मी केलं ना? कुठल्या का कारणानं, केलंच ना? कृती महत्त्वाची. हेतू हा—" आणि इथे त्यांच्या लक्षात आलं की आपण हेतूची व्याख्या करायला निघालो आहोत. त्यांनी तोंड मिटलं. फार उशिरा मिटलं. तिनं टॉवेलला हात पुसले, एक एक बोट. बाह्या खाली केल्या. बाहेर गेली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, टोकावर, बसली.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात उभे होते आणि मुलं एकामागून एक उठून नियम कसे मोडले ते सांगत होती. एकानं दुकानात ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ केले होते आणि दुकानदारानं पोलिसांना बोलावतो म्हटलं होतं. एकीनं भावाला म्हटलं होतं, आज चहा तू कर, मी टीव्ही बघते. लेक उठली. तिनं लिफ्टमध्ये दाराकडे पाठ करून, माणसांकडे तोंड करून प्रवास केला होता. "लोक आधी हसतात, सर. मग मोबाइल बघतात. मग पुढच्याच मजल्यावर उतरतात, तिथे काम नसलं तरी." वर्ग हसला. छान मांडणी होती. सरांनी विचारलं, "आणखी काही? घरात काही... केलंस?" लेक म्हणाली, "नाही सर. घरात एक प्रयोग चालू होता, पण तो मला तुमचा वाटला होता." कोणीतरी मागून खोकलं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलानं हात वर केला. "सर, समोरच्याला शेवटी सांगायचं ना, की हा प्रयोग होता. पण समजा तो प्रयोग नसेलच, तर काय सांगायचं?" सरांनी फळ्याकडे पाहिलं. त्यांच्या उभ्या हयातीत पहिल्यांदाच, प्रश्न विचारल्यावर, त्यांच्या आत एकही व्याख्या उठून उभी राहिली नाही. "पुढच्या तासाला बघू," ते म्हणाले.

घरी आले तर एक मध्यम आकाराची बॅग दाराशी होती, आणि त्यांच्याआधीच पोचलेली लेक त्या बॅगेची चाकं नीट फिरतात का बघत होती. बायको खुर्चीतून उठली. "तुमचीच वाट बघत होते," ती म्हणाली. "न सांगता जाणं बरं दिसत नाही." दुकानामागच्या गल्लीत एक खोली तिनं पाहून ठेवली होती, खिडकी आहे, म्हणाली, ऊन येतं. एखाद्या ओळखीच्या माणसाला नव्या घराचा पत्ता सांगावा, तशा सुरात ती हे सांगत होती. सरांना ओरडून म्हणायचं होतं, जाऊ नकोस, मी चुकलो, मी परत शिकतो, पहिल्यापासून शिकतो. पण इतके दिवस त्या घरात ते यजमानाच्या जागी उभे होते, त्या यजमानाची वाक्यं तेवढी जिभेवर तयार होती, आणि बाकीची शोधायला वेळ नव्हता. "बसा ना थोडं," ते म्हणाले. "इतक्यात निघालात?" "नको, बराच वेळ झाला." "निदान चहा तरी." "उगाच कशाला त्रास." "त्रास कसला त्यात," सर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ऐकलं, आपण म्हणतो आहोत, "आपलंच घर आहे." बायकोनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. फार दयेनं पाहिलं. तिच्या हातात काचा असत्या तर तिनं विचारलं असतं, आणि ह्या वेळी सरांनी खरं सांगितलं असतं. "येते," ती म्हणाली. लेकीनं बॅग उचलली. "मी सोडून येते बाबा. जेवायला थांबू नका."

सर जिन्यापर्यंत गेले. मग खाली फाटकापर्यंत गेले, कारण तिथवर जायचं असतं. रिक्षा निघाली तेव्हा "पोचलात की कळवा" म्हणाले, हात हलवला, आणि रिक्षा वळेपर्यंत हलवत राहिले. मग जिना चढून वर आले, दार लावलं, आणि मधल्या खोलीत उभे राहिले. पाहुणे गेल्यावर यजमानानं काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं. हे एक मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण इतक्या वर्षांत दर वेळी ते तेच करत आले होते. दार लावायचं, सोफ्यावर अंग टाकायचं आणि गेलेल्या माणसाविषयी बायकोशी बोलायचं. थकलेत नाही फार? वजन उतरलंय. काहीतरी मनात आहे, बोलले नाहीत, पण आहे. तिचा अंदाज नेहमी बरोबर निघे. ते सोफ्यावर टेकले. खिडकीबाहेर कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"स्वभावानं फार चांगली होती," सर स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले. "आपल्यालाच ओळखता आली नाही. नाही?"

आतून 'हं' यायला नेहमीच थोडा वेळ लागायचा. तिचे हात ओले असत. म्हणून ते थांबले.